जुना माकी-ए डबा घेताना

क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या 21 तारखेला बाजार भरतो. तिथे माकी-एचा, म्हणजे सोनेरी नक्षीचा काळा जपानी डबा दिसला की अंगठ्या आधी काढा, मग विक्रेत्याला विचारून दोन्ही हातांनी उचला. झाकणाला धरून तर कधीच नाही.

मी सावंतवाडीची, त्यामुळे सुरुवातीला डब्यावरचा हा चकचकीत थर म्हणजे आपल्या चितारआळीतली लाखच वाटली होती. पण लाख किड्यापासून होते. ही उरुशी, झाडाचा चीक. झाड बिब्ब्याच्याच कुळातलं. एकदा हौसेने ओल्या उरुशीत हात घातला नि मनगटावर बिब्बा उतावा तशी उतली, आठवडाभर खाजवत होते. वाळलेल्या डब्याला मात्र भिऊ नका.

आता डबा उजेडात तिरका धरा. माकी-ए म्हणजे 'पेरलेलं चित्र'. ओल्या उरुशीने रेघ काढायची आणि ती चिकट आहे तोवर वरून सोन्याची पूड भुरभुरायची, रांगोळी सोडतो तशी. भिंगातून कण सुटे, कुठे दाट कुठे विरळ दिसले तर हातचं काम. एकसारखे ठिपके दिसले तर छापील, खाली ठेवा. कोपऱ्यात लाकडाच्या सांध्याची पुसट रेघ दिसली तर विक्रेता ओशाळेल, तुम्ही खूश व्हा: प्लॅस्टिकला सांधा नसतो. जिथे बोटं लागतात तिथलंच सोनं झिजलेलं असेल, तर डबा खरोखर वापरातला.

नक्षीही वाचा. करकोचा हजार वर्षं जगतो, कासव दहा हजार, अशी समजूत, म्हणून ही जोडी लग्नाच्या सामानावर. पाइन, बांबू, प्लम एकत्र असले तरी शुभच. मला भावतं ते न काढलेलं. जुना जपानी कलाकार ओगाता कोरीन, त्याच्या लेखनपेटीवर (तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे) शिंपल्याची आयरिसची फुलं आणि शिशाचा पूल, बस्स. जुनी कविता ठाऊक असेल त्याला पुलापाशी थांबलेला प्रवासी आपोआप दिसतो.

घरी आणल्यावर ऊन टाळा, काळा रंग तपकिरी पडतो. पुसायला जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा पुरे, पॉलिश नको. उरुशी उन्हात नाही, दमट पेटीत वाळते. पुढेही तिला कोरडी हवा सोसत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी डबा हीटरसमोरच्या फळीवर मांडला आणि महिन्याभरात झाकणाला केसाएवढी चीर गेली. तेव्हापासून डब्याच्या कपाटात पाण्याची एक वाटी असते. दर शनिवारी भरते.