शंट ब्लॉक होतो तेव्हा: पालकांनो, या चुका टाळा

आमच्या लेकाला चार महिन्यांचा असताना व्हीपी शंट, म्हणजे मेंदूत साचणारं पाणी पोटात उतरवणारी कातडीखालची नळी, बसवला, आता तो नऊ वर्षांचा आहे आणि मधे दोनदा शंट बदलावा लागलाय. दुसऱ्या वेळी ब्लॉक झाला तेव्हा दीड दिवस आम्ही त्याला पित्ताचं औषध पाजत होतो, आणि तो दीड दिवस मला अजून आठवतो, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक हीच, उलटी झाली की पोट बिघडलं असं धरून चालणं. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतंय, उलटी झाल्यावर जरा बरं वाटतं, जुलाब नाहीत आणि एरवी घर डोक्यावर घेणारं पोरगं दुपारभर झापड आल्यासारखं पडून आहे, तर थेट न्यूरोसर्जन, त्याच दिवशी. तान्ह्या बाळात टाळू फुगून ताठ होते, बुबुळं खाली झुकलेली दिसतात. घरात कुणीतरी म्हणतंच की दात येत असतील, दृष्ट लागली असेल, ऐकू नका.

आता शंट ब्लॉक का होतो, तर सर्जननी मला काढलेली नळी दाखवली होती. मेंदूकडच्या टोकाला टाचणीने पाडावीत तशी बारीक भोकं, आणि त्यात पांढरट गुलाबी तंतू गच्च अडकलेले. मेंदूतलं पाणी जिथे तयार होतं त्या कोरॉइड प्लेक्ससची जाळीच भोकांतून आत शिरते. मोठ्या माणसात हे पाणी दिवसाला साधारण अर्धा लिटर बनतं, त्याला वाट मिळाली नाही की प्रेशर वाढणारच. कधी रक्ताची गुठळी अडकते, टीबी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा टीबी) झालेल्या मुलांत पाण्यात प्रोटीन खूप असतं तेही त्रास देतं, कधी शंट जास्तच पाणी ओढतो आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या भिंती नळीला येऊन चिकटतात. खालचं टोक पोटात, तिथे जंतुसंसर्गाने पाण्याची गाठ होते, किंवा मूल उंच होतं आणि नळी अपुरी पडते नाहीतर मानेपाशी तुटते. यात आईने काय खाऊ घातलं याचा काही संबंध नाही, हे सासरच्यांनाही वाचून दाखवा.

दुसरी चूक, कानामागचा व्हॉल्व, म्हणजे नळीतली पाणी सोडणारी झडप, दाबून बघणं. मी पण दाबायचे, बोटाखाली छोटा फुगवटा दबतो आणि परत वर येतो की वाटतं चालू आहे. तसं नसतं. ब्लॉक असतानाही तो भरून येऊ शकतो, आणि सारखं दाबलं तर तीच जाळी भोकात आणखी ओढली जाऊ शकते. डॉक्टरने सांगितलं नसेल तर हात लावू नका.

सीटी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणं ही तिसरी. काही मुलांत शंट बंद असूनही पोकळ्या फुगत नाहीत, म्हणून मूल बरं असतानाचा जुना सीटी शेजारी ठेवून बघावा लागतो, आणि नेमकी तीच सीडी आपण हरवलेली असते. फाईलमध्ये ती सीडी आणि शंटची कंपनी, मॉडेल लिहिलेलं कार्ड एकत्र ठेवा. व्हॉल्व प्रोग्रामेबल, म्हणजे बाहेरून प्रेशरचं सेटिंग बदलता येणारा, असेल तर एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्या, चुंबकाने ते बदलू शकतं. आपल्याकडे खूप मुलांना असतो तो छाब्रा शंट ठरलेल्या प्रेशरचा, त्याला हे सेटिंग नसतं.

बद्धकोष्ठ साचू देऊ नका, पोटातलं प्रेशर वाढलं की पाणी खाली उतरायला अडतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ताप आला, नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज दिसली तर घरी क्रोसिन देऊन वाट बघू नका. आणि दोन वर्षं काही झालं नाही म्हणजे सुटलो असंही नाही, लहान मुलांचे जवळपास निम्मे शंट पहिल्या दोन वर्षांत बिघडतात हे खरं, पण दहा वर्षांनीही बिघडतात.

हॉस्पिटलला निघताना वाटेत दूध-बिस्किट देऊ नका, लगेच ऑपरेशन लागलं तर भुलीसाठी पोट रिकामं हवं. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते मोबाईलमध्ये टाईप करून ठेवा, कॅज्युअल्टीत विचारतातच आणि तेव्हा आपल्याला आठवत नाही.