‘तिकडची माणसं तसलीच’ हे तपासायचं कसं

एखाद्या प्रदेशाबद्दलचा समज तपासायचा तर आधी त्यातलं विशेषण काढून टाका. ‘आळशी’, ‘चिक्कू’ मोजता येत नाही. ‘ठरल्या वेळेपेक्षा दहा मिनिटांहून जास्त उशिरा येतात’ हे मोजता येतं.

मग कागदावर चार चौकटी आखा: तिकडचे उशिरा, तिकडचे वेळेवर, इकडचे उशिरा, इकडचे वेळेवर. बहुतेक जण पहिलीच चौकट भरतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. चारही भरल्यावर आकडे नव्हे, प्रमाण बघा. १९७६ साली हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी दोन निनावी गटांबद्दलची ३९ वाक्यं लोकांना वाचायला दिली. मोठ्या गटाची १८ चांगली, ८ वाईट. लहान गटाची ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण अगदी सारखं, तरी वाईटपणा लहान गटाच्या माथी जास्त मारला गेला. माणसंही कमी आणि तसं वागणंही कमी, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसलं की लक्षात रुतून बसतं, असं त्यांचं स्पष्टीकरण.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. माणसांचं तसं नाही. २५ नोंदींवरून काढलेली टक्केवारी २० टक्के-अंकांपर्यंत (५० च्या जागी ३० किंवा ७०) सहज चुकते, १०० नोंदींवर १० पर्यंत. त्यातही ओळखीचेच लोक मोजले तर नोंदी वाढवूनही उपयोग नाही.

सर्वांत जास्त घोळ तुलनेत होतो. कामासाठी घर सोडून आलेला माणूस पगारातला मोठा वाटा घरी धाडतो, म्हणून चिक्कू दिसतो. त्याची तुलना इथल्या घरमालकाशी नको, घर सोडून आलेल्या दुसऱ्या कुणाशी करा. वय, धंदा, शहर की खेडं हे जुळवलं की बराचसा फरक तिथेच विरतो.

उद्धटपणाची तपासणी वेगळी. बोललेलं वाक्य लिहून काढा. आवाजाची पट्टी आणि हेल गळून पडतात. मग त्याच बोलीच्या माणसाला विचारा, यात अपमान आहे का? ज्या बोलीत आदरार्थी रूपं कमी, ती परक्या कानाला उर्मटच लागते.

‘तो अपवाद आहे’ म्हणून कुणाला वगळू नका, त्यालाही मोजा. एवढं करूनही कधीकधी फरक उरतो. तो खराही असू शकतो. पण सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या (माणसं सरासरीपासून साधारण जितकी इकडेतिकडे पसरलेली असतात, त्या मापाच्या) एक-पंचमांश असेल, तर दोन्हीकडचा एकेक माणूस उचलून केलेल्या १०० जोड्यांपैकी साधारण ५६ मध्येच समज खरा ठरतो.