ऑफिसातला छोटा लिनक्स सर्व्हर: या चुका टाळा, आणि आधी लॉग वाचा

"मेल जात नाहीयेत, काहीतरी करा" असा फोन आला की मी पहिलं विचारतो, लॉगमध्ये (सर्व्हर स्वतःच लिहितो त्या नोंदवहीत) काय आलंय? उत्तर ठरलेलं असतं, लॉग नाही बघितला पण रीस्टार्ट करून बघितलं, मग अपडेट मारलं, मग कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलेली कमांड चिकटवली, तरी होत नाहीये. म्हणजे आता मूळ बिघाड कोणता आणि यांनी नवीन करून ठेवलेला कोणता, हे आधी निवडत बसायचं.

दहाबारा माणसांच्या ऑफिसात कोपऱ्यात टेबलाखाली ठेवलेला उबुंटू नाहीतर डेबियनचा डबा, त्यावर फाइल शेअरिंग, मेल, एखादं बिलिंगचं सॉफ्टवेअर, एवढ्याच पसाऱ्याबद्दल बोलतोय.

रीस्टार्ट मारून मोकळं होणं

भोसरीतल्या एका वर्कशॉपचे मालक मला म्हणाले, "साहेब, नवीन यूपीएस बसवल्यापासून मेल बंद पडायला लागलेत, परत करून टाकू का?" हसू नका, त्यांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. जुन्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट गेली की सर्व्हर धाडकन बंद आणि लाईट आली की आपोआप चालू. नवीन यूपीएस आल्यावर तो बंदच होईना, आणि दहाबारा दिवस सलग चालला की मेल अडकायचे. तिथल्या पोराने शोध लावला की रीस्टार्ट केलं की चालतं, म्हणून त्याने क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) दर रविवारी रात्री रीबूट टाकून दिला आणि मालकांना सांगितलं, प्रॉब्लेम सॉल्व्ह.

मी तो रीबूट काढला आणि सांगितलं की आता बंद पडू दे, आणि पडल्यावर कुणीही हात लावायचा नाही, मला फोन करायचा. (हे "हात लावायचा नाही" पटवायलाच जास्त वेळ लागतो.) पडल्यावर बघितलं तर मेल लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं, ४५२ ४.३.१, इन्सफिशियंट सिस्टम स्टोरेज. डिस्क भरत आली की पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) नवीन मेल घेतच नाही, मेलच्या कमाल साइजच्या दीडपट तरी जागा त्याला मोकळी लागते. डीएफ (डिस्क किती भरलीय ते दाखवणारी कमांड) मारलं तर १०० टक्के भरलेलं, आणि डीयूने फोल्डर मोजले तर निम्मीसुद्धा जागा वापरात नाही. इथे नवशिके हमखास गोंधळतात आणि डिस्क खराब म्हणून तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) नवीन डिस्क शोधायला पळतात.

खरं कारण असं की बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा डीबग लॉग (बारीकसारीक सगळं लिहिणारा) कुणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेला, तो फुगतो म्हणून कुणीतरी दुसऱ्याने रोज रात्री तो आरएम (म्हणजे डिलीट) करणारी ओळ क्रॉनमध्ये टाकलेली. आता लिनक्समध्ये आरएम केलं की फक्त फाइलचं नाव जातं, ज्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती उघडून धरलीय ती चालू आहे तोवर जागा सुटत नाही. रेशनकार्डावरून नाव कापलं म्हणून माणूस घरातून जातो का? तसंच हे, आणि ती प्रोसेस त्याच नाव नसलेल्या फाइलमध्ये लिहीत राहते. एलएसओएफ या कमांडला 'अधिक एल १' हा पर्याय देऊन चालवलं की अशा डिलीट झालेल्या पण उघड्या फाइल दिसतात, ही एकच होती, अगडबंब. रीबूट केला की प्रोसेस मरायची, जागा सुटायची, आणि सोबत पुरावाही जायचा, म्हणून कुणालाच कधी काही सापडलं नाही. डीबग बंद केला, आरएमची ओळ काढली, लॉगरोटेट (जुने लॉग नीट बाजूला काढून पुसणारं) लावलं, आणि यूपीएस राहिला जागेवर.

म्हणून माझी सवय सांगतो, मशीनवर शिरलो की काहीही करायच्या आधी डीएफ दोनदा, एकदा जागेसाठी आणि एकदा आयनोडसाठी (प्रत्येक फाइलला एक नोंद लागते ती, लाखो बारक्या फाइल झाल्या की जागा शिल्लक असूनही डिस्क भरल्याची एरर येते), मग मेमरीसाठी फ्री, मग जर्नलसीटीएलमधल्या (सिस्टमचा लॉग दाखवणारी कमांड) फक्त एरर. कुणी आधीच रीबूट करून ठेवला असेल तर जर्नल मागच्या बूटचं मागता येतं, पण ते डिस्कवर साठवायची सोय चालू असेल तरच, नसेल तर आजच करा.

"आमचे मेल स्पॅममध्ये जातात"

सदाशिव पेठेतल्या एका क्लासचं असंच झालं, फी भरल्याच्या पावत्या पालकांच्या स्पॅममध्ये. पालक म्हणजे पुण्यातले पालक, पावती मिळाली नाही तर ते ऑफिसात येऊन उभे राहतात! त्यांनी जाहिरातीच्या मेलसाठी एक सर्व्हिस घेतली होती, तिच्या मदतीच्या पानावर लिहिलेलं की हा एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचे त्याची यादी) टाका, यांनी जसाच्या तसा टाकला. आधीचा होताच. आता एका डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड झाले की समोरचा सर्व्हर दोन्ही वाचून बेरीज करत नाही, थेट पर्मएरर (रेकॉर्डच चुकीचा) धरतो, म्हणजे दोन्ही असून नसल्यासारखे. एकच ओळ ठेवायची आणि दुसऱ्याचा इन्क्लूड त्यात घालायचा, आणि इन्क्लूड घालत सुटायचं नाही कारण एसपीएफ तपासताना डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) लुकअपची मर्यादा १० आहे, त्यापुढे परत पर्मएरर.

डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्कही (तपासणीत नापास मेलचं काय करायचं तो नियम) लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलंय, छोट्यांनाही किमान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. लावल्यावर स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, 'शो ओरिजिनल' उघडा, तिथे तिन्हीपुढे पास दिसलं तर झालं. दोन मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाही, थेट गिऱ्हाइकाला पाठवून "मिळाला का हो" विचारतात.

आणि ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून थेट मेल सर्व्हर चालवायचा हट्ट सोडा. बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट बऱ्याचदा बंद असतो, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारा) आपल्या हातात नसतो, आणि घरगुती कनेक्शनच्या आयपीवरून आलेले मेल बरेच सर्व्हर दारातच परत पाठवतात. मेल घरात ठेवायचेत तर ठेवा, पण बाहेर पाठवताना एखाद्या रिले सर्व्हिसमधून (आपले मेल पुढे पोचवणारी) ५८७ च्या पोर्टवरून पाठवा. यात कमीपणा काही नाही.

आधी फायरवॉल चालू, मग एसएसएचची आठवण

यूएफडब्ल्यू हा फायरवॉल चालू केला आणि एसएसएचला (दुरून लॉगिन करायची सोय) परवानगी द्यायची राहिली, मग स्वतःच बाहेर. मशीन वाघोलीत आणि तुम्ही पुण्याच्या दुसऱ्या टोकाला कोथरूडला असाल तर तो ट्रॅफिक तुमच्या कर्माचा. मी एसएसएच किंवा फायरवॉलला हात लावताना एक लॉगिन उघडंच ठेवतो, बदल केल्यावर दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होतंय का बघतो, मगच पहिलं बंद. एसएसएचडी (एसएसएचची सर्व्हिस) रीस्टार्ट करण्याआधी 'वजा टी' देऊन कॉन्फिग तपासायचं, एका सेकंदाचं काम.

पोर्ट फॉरवर्ड केलं तरी बाहेरून उघडत नाही

राउटरमध्ये वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यामध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, एकच सार्वजनिक आयपी बऱ्याच घरांत वाटलाय, तुमच्या राउटरवर कितीही फॉरवर्ड करा, पलीकडून काही येणार नाही. स्टॅटिक आयपी मागा नाहीतर स्वस्तातला एखादा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन वायरगार्ड या व्हीपीएनने बोगदा काढा. लोकं इथे राउटर बदलतात. दोनदा.

नेट बंद पडलं की आधी राउटरला पिंग, मग ८.८.८.८ ला (गूगलचा डीएनएस सर्व्हर), मग नावाने, जिथे अडकेल तिथे बिघाड. आकड्याने जातंय आणि नावाने जात नाही तर डीएनएस बघा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल नाही) लाल दिवा लागला असेल तर सर्व्हरकडे बघूसुद्धा नका, बाहेर रस्ता खोदलाय का ते बघा, पावसाळ्याआधी बहुतेक खोदलेलाच असतो.

बारीकसारीक:

परमिशनची एरर आली की ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करायचं नाही. कधीच नाही. एसएसएचच्या फोल्डरला केलंत तर लॉगिनची किल्ली (की) चालायचीच बंद होईल, कारण एसएसएच स्वतःच अशा ढिल्या परमिशन नाकारतं.

क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतो, रात्री २ चा बॅकअप आपल्याकडे सकाळी ७:३० ला चालतो.

रेड (एकच डेटा दोनतीन डिस्कवर जोडीने ठेवणं) म्हणजे बॅकअप नाही. आणि बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून बघितली नसेल तर तोही अजून बॅकअप नाही.

लेट्स एन्क्रिप्टचं (वेबसाइटसाठीचं फुकट) सर्टिफिकेट येत नाही म्हणून परत परत कमांड मारू नका, तासाभरात ५ वेळा फेल झालं की ते तुम्हालाच थांबवतात, आधी ड्राय रन (नुसती चाचणी) करा आणि ८० चा पोर्ट उघडा आहे का बघा. सर्टिफिकेट रिन्यू होऊनही ब्राउझर जुनंच दाखवत असेल तर एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) रीलोड झालेला नाही, सर्टबॉटच्या (सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम) डिप्लॉय हुकमध्ये रीलोडची ती एक ओळ टाकून ठेवा.