सर्व्हिसिंगनंतर चेनची खडखड आणि झटके: शेवटी असे थांबले

गोरेगावच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बाइक आणली आणि त्याच संध्याकाळी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये झटके सुरू झाले. दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की चेनची खडखड. दोनदा परत नेली. एकदा नुसतं ल्यूब मारलं, दुसऱ्यांदा "चालवा, सेट होईल" म्हणाले. पूर्ण पैसे भरून हे ऐकताना फार चीड आली.

मग घरी तपासलं. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चेनच्या खालच्या भागाच्या मध्यावर पट्टी धरून चेन वर-खाली ढकलली: ढिलाई ४५ मिमी. माझ्या मॅन्युअलमध्ये २० ते ३० आहे (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या). स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारे दांडे) खुणाही दोन बाजूंना वेगळ्या, म्हणजे चाक तिरकं बसवलेलं. पट्टीसकट फोटो काढले.

फोटो आणि जॉब कार्ड (सर्व्हिस सेंटरची कामाची नोंद) नंबर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केले. तिसऱ्या वेळी तक्रार जॉब कार्डवर माझ्या शब्दांत लिहून घेतली आणि काम संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. अ‍ॅक्सल नट (मागच्या चाकाच्या दांड्याचा) सैल केला, चेन ताणायचे दोन्ही अ‍ॅडजस्टर सारखे फिरवले, खुणा जुळवल्या, ढिलाई २५ मिमी ठेवली, नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायचा पाना) आवळला. मग चाक फिरवत तीन-चार जागी पुन्हा मोजायला लावलं. जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, हे आवर्जून करून घ्या. चाक सरकल्यामुळे मागच्या ब्रेकचा प्लेही (पेडलची मोकळी हालचाल) तपासला. टेस्ट राइड मेकॅनिकला मागे बसवून मीच घेतली.

खडखड बंद. दाद मिळाली नसती तर याच कागदांवर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार होतो.