ग्राउंड बॉल पायांतून सुटतोय? शिकवताना या चुका टाळा

कोल्हापुरात सॉफ्टबॉलला येणारी बहुतेक पोरं आधी गल्लीत क्रिकेट खेळून आलेली असतात. चेंडूवर नजर बसलेली असते, हा फायदा. पण पहिली चूकही तिथूनच येते. सरपटता चेंडू, म्हणजे ग्राउंड बॉल, दिसला की एक गुडघा जमिनीला टेकवायचा आणि पायाची भिंत करायची. सीमारेषेवर चौकार अडवायला ते ठीक आहे. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर फक्त 60 फूट असतं. शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर) गुडघा टेकून चेंडू अडवला, मग उठली, मग ग्लोव्हमधून चेंडू शोधून काढला, तोवर बॅटर फर्स्ट बेसवर पोचून वाचलेली असते. त्यामुळे इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या भागात, दोन्ही पायांचे तळवे जमिनीवर हवेत आणि चेंडू घेतानाच थ्रोची तयारी हवी, हे पहिल्या दिवसापासून सांगा.

दुसरी चूक आपली, शिकवणाऱ्यांची. आपण लांबून ओरडतो, "अगं वाक, वाक!" आणि पोरगी सांगितलं तसंच करते. कमरेतून वाकते, गुडघे ताठ राहतात, ग्लोव्ह पायाच्या बोटांपाशी लोंबतो. चेंडू जवळ आला की तिच्या नजरेतूनच निसटतो.

मीही कितीतरी दिवस हेच ओरडत होतो. सातवीतली एक पोरगी रोज चार-पाच चेंडू पायांतून सोडायची. एका सकाळी मी तिच्या बाजूला उकिडवा बसून पाहिलं. तिच्या मते ग्लोव्ह जमिनीला लागला होता, प्रत्यक्षात तो वीतभर वर होता. तिचा भाऊ तालमीत जातो हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "वाकू नकोस. कुस्तीला उतरल्यावर भाऊ कसा पवित्रा घेतो, तशी उभी राहा." तिने पाय खांद्यांपेक्षा रुंद केले, गुडघे दुमडले, बूड खाली नेलं, वजन चवड्यांवर घेतलं. ग्लोव्हची बोटं आपोआप मातीला टेकली. "सर, आता चेंडू दिसतोय," हे तिचं पहिलं वाक्य. खासबाग कुस्ती मैदानाच्या या गावात 'पवित्रा' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तो वापरा.

ग्लोव्ह आधी जमिनीवर आणि मग गरजेप्रमाणे वर, हा क्रम पक्का करून घ्या. चेंडू उसळला तर हात वर नेणं सोपं जातं. वर धरलेला हात ऐनवेळी खाली आणताना उशीर होतोच. ग्लोव्ह दोन पायांच्या मध्ये पण बराच पुढे हवा, म्हणजे दोन पाय आणि ग्लोव्ह यांचा त्रिकोण दिसेल. दुसरा हात डब्याच्या झाकणासारखा वर तयार ठेवायचा. चेंडू उडाला तर तो हात तोंड वाचवतो, बसला तर लगेच बोटांत घेतो.

चेंडू ग्लोव्हला लागून पुढे उडत असेल, तर पोरगी ग्लोव्ह चेंडूवर ढकलते आहे. ग्लोव्हऐवजी हातात जुनी रबरी स्लिपर घालायला द्या आणि चार-पाच मीटरवरून टेनिस बॉल सरपटत सोडा. सपाट तळव्यावर चेंडू अडकत नाही, त्यामुळे दुसरा हात आणावाच लागतो आणि चेंडू पोटाकडे ओढून घ्यायची सवय लागते. आमच्याकडे या एका सरावाने सगळ्यात जास्त फरक पडला.

जागेवर थांबून वाट बघणं हीही मोठी चूक. टप्पा पडून चेंडू अर्धवट वर येत असताना घेणं सगळ्यात अवघड. दोन पावलं पुढे जाऊन टप्पा पडल्या पडल्या घ्यायचा, नाहीतर पूर्ण उसळून खाली येताना.

आता भीती. मान वळवणाऱ्या मुलीला "घाबरतेस काय" असं कधीही म्हणू नका. तिची भीती खरी आहे. आपली मैदानं मुरमाड. पावसाळ्यानंतर चिखलातले फुटबॉलच्या बुटांचे ठसे तसेच वाळून कडक होतात आणि त्यावर चेंडू कुठेही उडतो. सरावाआधी सगळ्यांना एका रांगेत चालवून इनफिल्डमधले खडे वेचून घ्या, ठसे फावड्याने मोडा. फेस मास्क असेल तर लहानांना आधी द्या. मास्क घातल्यावर हनुवटी छातीकडे ठेवून चेंडू ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत बघणं पोरी दोन दिवसांत शिकतात.

चेंडू नीट घेऊनही थ्रो भरकटत असेल तर हाताला दोष देऊ नका, पाय बघा. उजव्या हाताने फेकणारीने चेंडू घेतल्यावर उजवा पाय आडवा रोवायचा, डावा खांदा फर्स्ट बेसकडे करायचा, मग फेकायचं. बऱ्याच पोरी छाती समोर ठेवून उभ्या उभ्या फेकतात.

आणि बॅटने जोरात मारलेले चेंडू घाईने सुरू करू नका. हाताने सोडलेले सलग दहा चेंडू स्वच्छ घेतले की मगच बॅट उचला, तीही सुरुवातीला हळू. अकराव्याला पवित्रा मोडला, तर पुन्हा हाताने सोडा.