घरच्या हॉलमध्ये ‘नोबडी नोज’ दाखवायचा असेल तर

हिरोकाझू कोरे-एडांचा हा २००४चा जपानी सिनेमा १४१ मिनिटांचा आहे. रात्री जेवणं उरकून तो लावू नका. आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात जेवणं उरकतात साडेनऊला. पुढे निम्मी मंडळी डुलक्या काढतात आणि उरलेल्यांना सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराची आठवण होते. रविवारी दुपारी चारला लावा, पडदे ओढा, पोहे आधीच खाऊन घ्या.

सिनेमा चालू असताना शेव नाही. इंदूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, तरी सांगा. इथे संवाद थोडे आहेत आणि बारीक आवाज फार कामाचे आहेत: गोष्टीतल्या चार भावंडांपैकी धाकट्या युकीच्या पीं-पीं वाजणाऱ्या सँडल, तिच्या मोठ्या बहिणीचा, क्योकोचा, खेळण्यातला पियानो. मुलांना घरात आवाज करायलाच बंदी आहे, तेव्हा सँडल वाजली की आपल्याही पोटात गोळा यायला हवा. तेवढ्यात कोणी पिशवी फोडली, की झालं कल्याण.

सबटायटल्स भराभर वाचता न येणारी मंडळी असतील, तर कानाशी बसून मराठीत सांगत राहणारा उत्साही भाचा नेमू नका. सुरुवातीलाच गोष्ट सांगून टाका. मी इतकीच सांगते: केइको नावाची आई तोक्योतल्या एका फ्लॅटमध्ये राहायला येते. घरमालकाला ठाऊक आहे की ती आणि तिचा बारा वर्षांचा अकिरा, एवढीच माणसं. दार बंद झाल्यावर सुटकेसमधून शिगेरू आणि युकी निघतात. क्योको मागाहून गुपचूप येते. चौघांचे बाप वेगळे. शाळा नाही, बाहेर जायचं नाही. मग आई थोडे पैसे आणि चिठ्ठी ठेवून जाते, परत येते, पुन्हा जाते.

पुढचं पडद्यावर. फक्त ज्यांना मुलंबाळं घेऊन यायचंय, त्यांना आधी फोन करून सांगा की युकी जगत नाही. दहा-अकराच्या आतल्यांना मी बोलावत नाही.

१९८८ साली तोक्योच्या सुगामो भागात उघडकीस आलेल्या घटनेवरून ही गोष्ट सुचली. हे मी मंडळींना सिनेमा संपल्यावर सांगते, कारण आधी कळलं की लोक बातमी बघायला बसतात. खरी घटना याहून भीषण होती. कोरे-एडांनी त्यातली मारहाण वगळली आणि मुलांचे रोजचे दिवस ठेवले.

मध्यंतर घड्याळ बघून करू नका. चौघं पहिल्यांदा मिळून बाहेर पडतात, बागेत हुंदडतात आणि नंतर नूडल्सच्या रिकाम्या कपांत रोपं लावतात, तिथे थांबा. चहा द्या, पण चर्चा सुरू होऊ देऊ नका. एवढंच सांगा की आता मुलांच्या केसांकडे आणि कपड्यांकडे बघा. शूटिंग वर्षभर, ऋतूंच्या क्रमाने झालं, त्यामुळे केस खरोखर वाढलेत आणि अकिरा खरोखर उंच झालाय. मुलांच्या हाती पटकथा दिलीच नव्हती, संवाद त्या त्या वेळी तोंडी सांगत. अकिरा झालेल्या युया यागिराला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात चौदाव्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. आमच्याकडच्या नाटकवाल्यांना हे सांगितलं की ते दुसरा भाग जरा सरसावून बघतात.

संपल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अशी कशी हो आई!’ ते येऊ द्या, पण तिथे गाडी अडकू देऊ नका, नाहीतर तासभर तेच चालतं. माझी युक्ती अशी की प्रत्येकाला एक मोठं माणूस वाटून द्यायचं. पैशांसाठी अकिरा ज्यांच्याकडे जातो ते दोन पुरुष. भाडं मागायला आलेली घरमालकीण. मागच्या दाराने उरलेलं खाणं देणारा दुकानातला पोरगा. आणि दुकानातली ती मुलगी: नववर्षाला मुलांना पैसे देतात त्या पाकिटांवर भावंडांची नावं अकिरा तिच्याकडून लिहून घेतो, आईकडूनच आली असं वाटावं म्हणून. प्रत्येकाने आपापल्या माणसाविषयी बोलायचं: त्याला काय दिसलं होतं, आणि त्याने तेवढ्यावर काय केलं. पाकिटांवरची नावं ज्याच्या वाट्याला येतात तो हमखास गप्प होतो. ती मुलगी भलीच आहे, हीच तर अडचण.

मग कोणीतरी म्हणतंच, ‘आपल्या कॉलनीत असं होणंच शक्य नाही. दारात रिक्षा थांबली तरी तिसऱ्या घराला कळतं!’ कळतं, भिया (म्हणजे आमचं इंदुरी ‘भाऊ’), खरंय. पण मागच्या बाजूच्या खोलीतल्या भाडेकरूंची मुलं किती, कोणत्या शाळेत जातात, हे त्यालाच विचारा. शेजारच्या बांधकामावर दिवसभर लहान बहिणीला कडेवर घेऊन हिंडणाऱ्या मुलीचं नाव विचारा. मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक तेव्हाच सगळ्यांना मोबाइलमध्ये टाकायला लावा. फोन फुकट लागतो, दिवसरात्र. नंतर कोणी टाकत नाही.

चर्चेला पाऊण तास पुरे. त्याच दिग्दर्शकाचा ‘शॉपलिफ्टर्स’, २०१८चा, लोक लगेच पुढच्या रविवारी मागतात. देऊ नका, मध्ये एखादा विनोदी सिनेमा लावा.