टेट्रापॅकचे संकलन तोट्यात का जाते? हिशेबातल्या या चुका टाळा

दूध, ताक आणि फळांच्या रसाचे रिकामे टेट्रापॅक गोळा करण्याचे काम गृहनिर्माण संस्था, बचत गट आणि सुक्या कचऱ्याची केंद्रे उत्साहाने हाती घेतात. पण पहिल्या काही गाड्या रवाना झाल्या की हिशेब जुळेनासा होतो आणि काम थंडावते. या मालाला किंमत नसते, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. किंमत असते, परंतु ती वाटेत गळते, आणि ही गळती बहुतेक वेळा टाळता येण्यासारखी असते.

सुरुवातीची चूक दर ठरवताना होते. दीर्घकाळ टिकणाऱ्या पेयांच्या खोक्यात वजनाने सुमारे 75 टक्के पुठ्ठा, 20 टक्क्यांच्या आसपास पॉलिथिलीन आणि जेमतेम 5 टक्के ॲल्युमिनियम असते. या तिन्हींचे भंगारातील भाव घेऊन बेरीज केली, तर आकडा आकर्षक दिसतो. प्रत्यक्षात हे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. कागद गिरणी खोकी पाण्यात घुसळून लगदा वेगळा करते आणि मागे प्लास्टिक व ॲल्युमिनियमचे एकजीव मिश्रण उरते. त्यातून धातू सुटा करण्यासाठी ब्राझीलमधील पिरासिकाबा येथे 2005 साली प्लाझ्मा तंत्राचा (अतिशय तप्त, विद्युतभारित वायू वापरणाऱ्या तंत्राचा) कारखाना उभारला गेला, पण तसे भांडवल छोट्या उद्योगाच्या आवाक्याबाहेरचे आहे. आपल्याकडे हे मिश्रण सहसा उष्णतेने दाबून छपराचे पत्रे किंवा तक्ते केले जातात. म्हणून दर मागताना ॲल्युमिनियम विसरावे आणि लगद्यावर बोलावे. या पुठ्ठ्यातील तंतू लांब आणि मजबूत असतो. वारंवार पुनर्चक्रित झालेल्या रद्दीशी तुलना करता गिरणीला तो हवासा वाटतो, आणि विक्रेत्याचे खरे बळ तेच आहे.

सर्वांत मोठी गळती वाहतुकीत होते. एक लिटरचे रिकामे खोके साधारण 30 ग्रॅमचे असते, म्हणजे एका किलोसाठी तेहेतीस-चौतीस खोकी लागतात; 200 मिलिलिटरची असतील तर शंभराहून अधिक. न चेपलेली खोकी भरली की गाडी दिसायला भरते, वजनाला मात्र रिकामीच राहते. समजा, नऊ टन क्षमतेच्या गाडीचे भाडे 27,000 रुपये आहे. सुटा माल दोनच टन मावला, तर किलोमागे साडेतेरा रुपये भाडे बसते. तोच माल यंत्राने दाबून, त्याच्या गाठी म्हणजे घट्ट गठ्ठे बांधून पूर्ण नऊ टन भरला, तर तीन रुपये. नफा-तोट्याचा निकाल जवळजवळ इथेच लागतो. अशा मालावर प्रक्रिया करणारे कारखाने देशात मोजकेच आहेत. त्यांपैकी एक उत्तराखंडातील खटीमा येथे, म्हणजे पुण्यापासून दीड हजार किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे प्रत्येक केंद्राने स्वतंत्रपणे ग्राहक शोधू नये. आसपासच्या केंद्रांनी एका ठिकाणी माल साठवून, गाठी बांधण्याचे एकच यंत्र सामायिक वापरावे आणि गाडी पूर्ण भरेल तेव्हाच ती पाठवावी. खोकी पाण्यात न घुसळता थेट तुकडे करून तक्ते दाबणारा कारखाना जवळ असेल, तर त्याचा दर कमी असूनही हातात अधिक पैसे पडू शकतात. तुलना नेहमी भाडे वजा करून करावी.

आता ओलाव्याविषयी. खोक्यात उरलेल्या घोटभर दुधामुळे वजन वाढते असे कोणाला वाटत असेल, तर ती वाढ खरेदीदार कपात लावून काढून घेतो. शिवाय आंबलेल्या मालाला बुरशी धरते, तंतू खराब होतो आणि पावसाळ्यात तर अख्खी गाठ नाकारली जाते. खोके घरातच विसळून, कोपरे उघडून चपटे केले तर हे टळते. तसेच हा माल साध्या पुठ्ठ्यात मिसळू नये. पुठ्ठ्याच्या गिरणीत तो पुरेसा विरघळत नाही, गाळ म्हणून बाहेर पडतो आणि पुढच्या खेपेला चांगल्या पुठ्ठ्याचाही भाव पडतो. वेफर्सची चकचकीत पाकिटे या ढिगात टाकणेही तितकेच नुकसानकारक आहे, कारण त्यात कागद नसतोच.

सर्वांत अन्यायकारक चूक मात्र कचरावेचकांच्या बाबतीत होते. किलोला पाच रुपये दर धरला, तर छोट्या खोक्यामागे पाच पैसेही मिळत नाहीत. शंभर वेळा वाकून पाच रुपये मिळत असतील, तर ती ताई आधी प्लास्टिकची बाटली उचलणार, आणि ते योग्यच आहे. ‘लोक जागरूक नाहीत’ म्हणून फलक लावण्याआधी हा दर सुधारावा. त्यासाठी पैसा उत्पादकाकडून मागण्याला आधार आहे: 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत 2022 साली उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे बाजारात आणलेल्या वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी, मार्गदर्शक तत्त्वे जोडली गेली आणि त्यांत प्लास्टिकचा व इतर पदार्थाचा किमान एकेक थर असलेल्या वेष्टनांचा स्वतंत्र वर्ग केला आहे. तथापि कंपनीने दिलेला निधी केवळ डबे, टोप्या आणि उद्घाटनावर खर्च होऊ देऊ नये. करारात किलोमागे संकलन-शुल्क लिहून घ्यावे, ते वेचकाच्या हाती थेट पडेल अशी तरतूद करावी आणि वजनाच्या पावत्या जपाव्यात. निधी वर्षाअखेरीस थांबला तरी भाडे आणि मजुरी मालाच्या विक्रीतून निघते की नाही, हे पहिल्याच महिन्यात मांडून पाहावे. निघत नसेल, तर करार किमान तीन वर्षांचा मागावा.